कॅटॅमरानचा नांगर-ब्रायडल: दोर जाड नको, लांब हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा मीटरची कॅटॅमरान, म्हणजे दोन हल (बोटीची अंगं) शेजारी जोडून केलेली बोट; दोन्ही नाळींमधलं, म्हणजे हलच्या पुढच्या टोकांमधलं, अंतर साडेसहा मीटर. बोटीबरोबर आलेल्या ब्रायडलच्या, म्हणजे दोन्ही नाळींवरून नांगराच्या साखळीला जोडायच्या दोरांच्या, दोन भुजा प्रत्येकी पाच मीटरच्या, २० मिलिमीटर जाडीच्या गोफविणीच्या नायलॉनच्या, आणि टोकाला स्टेनलेस स्टीलचा उघडा हुक. वारा २५ नॉटच्या वर गेला की बोट हिसके खाते, वारा पडला की हुक साखळीवरून निसटतो, आणि एकाच हंगामात दोर क्लीटजवळ (दोर बांधायच्या डेकवरच्या खुंटीजवळ) केसाळ झाला आहे. आता २४ मिलिमीटरचा दोर घ्यावा का?

नको. २४ चा दोर बांधलात तर हिसके वाढतील, हुक तसाच निसटेल आणि क्लीटजवळची झीज थोडी उशिरा दिसेल एवढंच. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन तरी एकाच कारणामुळे आहेत: भुजा आखूड आहेत आणि त्यांच्या लांबीच्या मानाने दोर फार जाड आहे. मी तुमच्या जागी असतो तर १६ मिलिमीटरचा तीनपेडी नायलॉन आणि प्रत्येक भुजा दहा मीटरची, असा ब्रायडल केला असता. का, ते सविस्तर सांगतो, कारण हे आकडे तुमच्या बोटीला बसतात; दुसऱ्या कुणाच्या बोटीला बसवायचे तर मागचं गणित माहीत हवं.

आधी ब्रायडल करतो काय, ते बघू. कॅटॅमरान हलकी, पाण्यात उथळ आणि पाण्यावर उंच. वाऱ्याला पकडायला भरपूर अंग, पाण्याला धरायला फार थोडं. अशी बोट मधल्या एकाच बिंदूवरून साखळीला बांधली तर ती नांगरावर शांत उभी राहत नाही. डावीकडे पळते, हिसका खाऊन वळते, उजवीकडे पळते. प्रत्येक फेरीच्या टोकाला नांगराला बाजूने ओढ बसते, आणि चांगला बसलेला नांगर सुटतो तो बहुतेक वेळा असल्याच बाजूच्या ओढीने.

दोन्ही नाळींवरून दोर नेऊन पुढे एका ठिकाणी साखळीला जोडले की हा खेळ थांबतो. समजा वाऱ्याने बोटीचं तोंड उजवीकडे वळवलं. तेव्हा उजवी नाळ मागे जाते, डावी पुढे येते. उजवी भुजा ताठ होते, डावी सैल पडते. आता सगळी ओढ उजव्या नाळेवर आली आणि ती नाळ बोटीच्या मध्यरेषेपासून सव्वातीन मीटर दूर आहे. एवढ्या लांबीच्या तरफेने ती तोंड पुन्हा वाऱ्यात आणते. एका हलच्या बोटीला हे सुख नाही. आपल्याला बोटीच्या रुंदीमुळे ते फुकट मिळतं.

वरच्या परिच्छेदात एक गोष्ट लपलेली आहे, ती जाडीच्या हिशेबात लागेल: बोट वळते तेव्हा दोन भुजा ओझं वाटून घेत नाहीत. एकटी भुजा सगळं घेते.

आता त्रिकोण. दोन नाळी आणि साखळीचा हुक हे त्याचे तीन कोन. तुमच्या पाच मीटरच्या भुजा आणि साडेसहा मीटरचं अंतर घेतलं तर हुकापाशी दोन भुजांमधला कोन सुमारे ८१ अंशांचा होतो. बोट सरळ वाऱ्यात असताना साखळीवर १०० किलोची ओढ असेल तर प्रत्येक भुजेवर साधारण ६६ किलो येतात, ५० नव्हे. वरचे १६ किलो वाया कुठे जातात? नाळी एकमेकींकडे ओढण्यात. प्रत्येक नाळ आतल्या बाजूला जवळजवळ ४३ किलोने ओढली जाते. भुजा दहा मीटरच्या केल्या की कोन ३८ अंशांवर येतो, प्रत्येक भुजेवरचा ताण ५३ किलोंवर आणि आतली ओढ १७ किलोंवर. म्हणजे आतली ओढ निम्म्याहूनही कमी. आणि हीच ओढ क्लीटला आडवी मुरगळते, दोराला फेअरलीडच्या (दोर डेकवरून बाहेर नेणाऱ्या खोबणीच्या) कडेवर दाबते. तुमचा दोर क्लीटजवळ केसाळ झाला, त्यात या कोनाचा हात मोठा आहे.

म्हणून नियम म्हणाल तर असा: भुजा दोन नाळींमधल्या अंतराएवढी असणं ही खालची मर्यादा. त्या लांबीला कोन ६० अंशांचा होतो, ताण ५८ किलो, आतली ओढ २९. दीडपट असेल तर बरं. त्याहून लांब केल्याने कोनात फारसा फायदा उरत नाही, पण लवचीकपणात उरतो.

आणि खरा मुद्दा तोच आहे, लवचीकपणा. मंद वाऱ्यात साखळीचा झोळ स्प्रिंगसारखा काम करतो: बोट मागे गेली की साखळीचं वजन उचललं जातं, बोट हळू होते. वारा वाढला की झोळ संपत जातो आणि साखळी जवळजवळ सरळ होते. सरळ साखळी म्हणजे सळई. मग एखादी लाट नाळेखाली आली की तिची सगळी ऊर्जा नांगराला, हुकाला आणि तुमच्या डेकला एका झटक्यात मिळते. त्या क्षणी ताणून मऊपणा देणारी एकच वस्तू उरते: ब्रायडलचा नायलॉन.

आता बघा. त्याच प्रकारचा २० मिलिमीटरचा नायलॉन १६ च्या दोराहून साधारण दीडपटीहून थोडा जास्त मजबूत असतो. म्हणजे तेवढ्याच ओढीला तो तेवढ्याच प्रमाणात कमी ताणतो. त्यात तुमची भुजा लांबीने निम्मी. दोन्ही मिळून, दहा मीटरची १६ ची भुजा जितकी लांबते त्याच्या एकतृतीयांशही तुमची आत्ताची भुजा लांबत नाही. शिवाय गोफविणीचा दोर तीनपेडीपेक्षा मुळातच कमी ताणतो, तो तोटा वेगळाच. माणसं घाबरून जाड दोर घेतात आणि मग बोट धक्के का देते म्हणून नांगराला दोष देतात. २४ चा घेतलात तर तुम्ही जवळजवळ सळईच बांधाल.

मग बारीक किती चालेल? इथे हात सैल सोडून चालत नाही. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा नांगराच्या ओढीचा एक तक्ता आहे. त्यात ४० फुटी बोटीला ३० नॉटच्या वाऱ्यात १,२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४५ किलो, आणि ४२ नॉटला त्याच्या दुप्पट ओढ धरलेली आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १५ नॉटचा वारा ३० झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. कॅटॅमरानची रुंदी बघता मी तक्त्यात लांबीवर न थांबता रुंदीच्या रकान्यातही बघतो आणि जो आकडा मोठा तो घेतो. तुमच्या बोटीसाठी वादळी रात्रीचा आकडा दीड टन धरू, म्हणजे थोडं सुरक्षित बाजूला.

१६ मिलिमीटरचा चांगला तीनपेडी नायलॉन कोरडा असताना सुमारे ५,३०० किलोला तुटतो. नायलॉन भिजला की त्याचं बळ दहा ते पंधरा टक्के उतरतं; हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि आपला दोर तर कायम भिजलेलाच. त्यातून स्प्लाइसचे, म्हणजे दोराचे पेड दोरातच विणून केलेल्या फासाचे, दहा टक्के वजा करा. चार टनांच्या आसपास उरतात. एकट्या भुजेवर दीड टन आले तरी अडीचपटीहून जास्त अंतर राहतं. १४ मिलिमीटरचा दोर सुमारे ४,१०० किलोचा असतो. तो रोजच्या नांगरासाठी आणखी मऊ आणि सुखाचा, पण वादळात मी तो एकटा ठेवणार नाही. १२ चा तुमच्या बोटीला विचारातही घेऊ नका.

उलट बाजूही बघा. तुमची साखळी १० मिलिमीटरची ग्रेड ४० असेल तर ती साधारण सव्वासहा टनांना तुटते. म्हणजे ब्रायडल साखळीच्या आधी तुटेल. हे मुद्दाम असंच हवं. काही तुटायचंच असेल तर ते बोटीवर सुटा तुकडा असलेलं आणि वीस मिनिटांत बदलता येणारं हवं. साखळी किंवा डेकमधला बोल्ट नव्हे.

लांबीला वरची मर्यादा दोन गोष्टी घालतात. पहिली प्रोपेलर. भुजा तुटली किंवा हुक सुटला तर नाळेला बांधलेला दोर बोटीखाली मागे वाहत जातो. नाळेपासून प्रोपेलरपर्यंतचं अंतर एकदा मोजून ठेवा. बारा मीटरच्या बोटीत ते साधारण नऊ ते साडेदहा मीटर भरतं, आणि दहा मीटरची भुजा त्याच्या काठावर येते. नायलॉन पाण्यात बुडतो, तरंगत नाही, म्हणून तो खालूनच शिरतो. इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही भुजा डोळ्यांनी बघायच्या, ही सवय लांब ब्रायडलबरोबर येतेच. दुसरी मर्यादा तळ. वारा पडला की हुक सरळ खाली लोंबतो. चार मीटर पाण्यात दहा मीटरच्या भुजांचा हुक तळावर जाऊन पडणार, हे नक्की. त्यावर पुढे येतो.

दोराच्या जातीबद्दल फार बोलत नाही. तीनपेडी नायलॉन सगळ्यात जास्त ताणतो, स्वस्त असतो आणि स्प्लाइस करायला सोपा. तोटा असा की दोन-तीन वर्षांत मिठाने कडक होतो. आठपेडी विणीचा नायलॉन हातात मऊ राहतो आणि वेटोळं नीट बसतं. परवडत असेल तर तो घ्या. पॉलिएस्टर फारसा ताणत नाही म्हणून नको. डायनिमाच्या (फार मजबूत कृत्रिम तंतूच्या) भुजा करणारे भेटतात, दिसायलाही छान असतात. पण ज्या दोराचं पहिलं कामच ताणणं आहे तो न ताणणाऱ्या तंतूंचा करणं मला कधी पटलं नाही. डायनिमाची जागा आहे, पण दुसरीकडे.

दोन भुजा दोन वेगळ्या दोरांच्या असू द्या. एकच लांब दोर मधून कडीत ओवून त्याची दोन टोकं दोन नाळींना बांधणं सोपं वाटतं, पण त्यात एका बाजूला दोर कापला तर दोन्ही बाजू गेल्या. शिवाय कडी सरकते आणि बोट तिरकी उभी राहते. प्रत्येक भुजेला आपलं थिंबल (फासाच्या आत बसणारी खोबणीची कडी), आपला स्प्लाइस, आणि दोन्ही थिंबलं एका शॅकलमध्ये (खिळीने बंद होणाऱ्या कडीत).

स्प्लाइस करताना नायलॉनला किमान पाच फेरे द्या. मी सहा देतो आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत पेड थोडे छाटून निमुळते करतो. थिंबलभोवती फास अगदी घट्ट बसला पाहिजे. बांधताना घट्ट वाटलेला फास ओढीखाली दोर बारीक झाला की सैल होतो, थिंबल आडवं फिरतं आणि त्याची टोकं दोरालाच कापतात. असं फिरलेलं थिंबल मी माझ्याच बोटीवर सकाळी साखळी वर घेताना पाहिलं आहे. एक पेड निम्मा कापला गेला होता आणि रात्रभर कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून थिंबलच्या गळ्याशी मेणाच्या दोऱ्याने आवळून बांधल्याशिवाय मी ब्रायडल पुरा झाला असं मानत नाही. स्प्लाइस येत नसेल तर शिका, एका संध्याकाळचं काम आहे. बोलाइनची गाठ मारून भागवाल, पण गाठीने दोराचं एकतृतीयांशाच्या आसपास बळ जातं, आणि हुकापाशी ती गाठ रोलरवरून (साखळी बाहेर जाते त्या पुढच्या चाकावरून) सुखाने जातही नाही.

आता भुजेचं दुसरं टोक, बोटीकडचं. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे दोर फेअरलीडमधून डेकवरच्या क्लीटला. दुसरी म्हणजे नाळेच्या पुढच्या कडेला, पाण्यापासून अर्ध्या मीटरवर, हलमधून आरपार बोल्ट केलेली मजबूत कडी आणि तिला भुजा कायमची शॅकलने जोडलेली. कडीचे फायदे मोठे आहेत. दोर कशावरच घासत नाही. ओढ खालून लागते, त्यामुळे तेवढ्याच साखळीत नांगराकडचा कोन अधिक सपाट होतो: चार मीटर पाणी, दोन मीटर भरती आणि दीड मीटर उंचीचा रोलर धरला तर या साडेसात मीटरच्या पाचपट साखळी, म्हणजे साडेसदतीस मीटर लागते, कडी अर्ध्या मीटरवर असेल तर साडेबत्तीस. तोटा एकच, पण तो वाईट वेळी आठवतो: ओढीखाली भुजा सोडता किंवा लांबवता येत नाही.

क्लीट असेल तर उलट. लांबवता येतं, सोडता येतं, पण घासतं. तुमच्याकडे क्लीट आहेत, म्हणून सध्या त्यांच्यावरच राहा, पण आधी दोन गोष्टी तपासा. क्लीटच्या खाली डेकच्या आतून पाठीमागची पट्टी आहे का, की नुसते वॉशर? क्लीट धक्क्याला बांधण्यासाठी बसवलेलं असतं, आतल्या बाजूच्या कायमच्या ओढीसाठी नव्हे. वॉशरच असतील तर ग्लासफायबरची किंवा धातूची जाड पट्टी घालून घ्या. दुसरं, फेअरलीडच्या कडेवरून नख फिरवा. नख अडलं तर तुमच्या दोराचा शत्रू सापडला. बारीक पॉलिश कागदाने ती कड गोल करा.

झीज थांबवायला लोक पाण्याच्या नळीचा तुकडा दोरावर चढवतात. मीही चढवायचो. एका खराब रात्रीनंतर नळी कापून बघितली तर बाहेरून दोर नवा दिसत होता आणि आत नळीखालचे तंतू एकमेकांना चिकटून काचेसारखे कडक झाले होते. नायलॉन ताणतो-आखडतो तेव्हा आतल्या घर्षणाने तापतो. उघड्या दोराला समुद्र आणि पाऊस थंड ठेवतात. बंद नळीत पाणी पोचत नाही. त्यामुळे कापडासारखं विणलेलं, पाणी आत-बाहेर होऊ देणारं आवरण घ्या. डायनिमाचं विणलेलं आवरण उत्तम: गुळगुळीत, न झिजणारं आणि दोर त्याच्या आत मोकळेपणाने ताणतो. हीच ती डायनिमाची जागा. आवरण दोराला एकाच टोकाला टाका घालून अडकवा. दोन्हीकडे शिवलंत तर दोर ताणताना टाके उसवतात.

एक जागा लोक विसरतात. दोन नाळींना जोडणारी पुढची आडवी तुळई, तिला ताणून धरणारी तार आणि असल्यास मधला बोस्प्रिट (पुढे आलेला दांडा), यांपैकी कशालाही भुजा किंवा साखळी टेकता कामा नये. बंदरात शांत पाण्यात ब्रायडल लावा, बोट दोन्ही बाजूंना तिरकी करून बघा, आणि कुठे टेकतं ते पाहा. आणि ब्रायडलऐवजी त्या तुळईवरच साखळी अडवून झोपणाऱ्यांसाठी: ती तुळई फोरस्टेची (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेची) वरची ओढ सोसायला केलेली असते, नांगराची खाली-बाजूला जाणारी ओढ सोसायला नाही.

साखळीला जोडायचं कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न. उघडा हुक ओढीखाली पक्का असतो आणि ओढ गेली की निर्लज्जासारखा निसटतो. शांत पहाटे भुजा सैल पडतात, हुक तळावर आडवा होतो, आणि साखळीचा दुवा त्यातून बाहेर येतो. मग सकाळचा वारा आला की बोट विंडलासवर (साखळी ओढायच्या यंत्रावर) उभी. तात्पुरता उपाय म्हणजे हुकाच्या तोंडावर जाड रबरी दोरीचा वेढा. कायमचा उपाय दोनांपैकी एक.

एक: खिळीने बंद होणारा किंवा दुवा आडवा अडकून बसणारा साखळीचा हुक. तो तुमच्या साखळीच्या अचूक मापाचा हवा. ८ मिलिमीटरचा हुक १० च्या साखळीवर बसतच नाही, आणि १० चा हुक ८ च्या साखळीवर दुव्याला एका बिंदूवर दाबून वाकवतो. मजबुतीचा आकडा छापलेला नसेल तर घेऊ नका. पातळ स्टेनलेसचे चकचकीत हुक ओढीखाली उलगडताना मी पाहिले आहेत.

दोन: डायनिमाचा सॉफ्ट शॅकल, म्हणजे धातूऐवजी दोराचाच केलेला शॅकल. १० मिलिमीटरच्या आखूड दुव्यांच्या साखळीत शेजारचे दोन दुवे सोडून मधल्या दुव्यात आठ मिलिमीटरच्या आसपासची फट उरते. त्यातून ६ मिलिमीटर डायनिमाचा सॉफ्ट शॅकल जेमतेम, पण जातो. हलका, डेकवर आदळत नाही, रोलरमधून जातो, कधीच आपोआप सुटत नाही. माझा रोजचा वापर हाच आहे. अपवाद तळाचा: शिंपल्यांनी भरलेला खडक किंवा प्रवाळ असेल आणि ब्रायडल तिथे टेकणार असेल तर धातूचा हुकच लावा, कारण डायनिमा घासायला चिवट असला तरी धारदार कडेवर कापला जातो. आणि वर्षातून एकदा नवा करा, सहा मिलिमीटर डायनिमा दोन मीटरसुद्धा लागत नाही.

धातूचं शॅकल वापरत असाल तर खिळीला तारेने बांधून टाका. नुसतं पान्याने घट्ट केलेलं शॅकल रात्रभर हलून सुटतं.

प्रत्यक्ष लावण्याचा क्रम. नांगर तळाला लागला की बोट हळू मागे जाऊ द्या, साखळी पसरू द्या. ढीग करू नका. ब्रायडलचे दहा मीटरही एकूण लांबीत मोजायचे, म्हणून ३८ मीटर हवे असतील तर २८ मीटर साखळी बाहेर जाताच थांबा. वेग कमी ठेवून नांगर जरा चावला असं वाटलं की रोलरपाशी सॉफ्ट शॅकल लावा. भुजा आधीच क्लीटला बांधलेल्या आणि तुळईच्या बाहेरून, खालून आणलेल्या असाव्यात. साखळी बाहेर गेल्यावर भुजा कुणाच्या वरून गेली याचा शोध घेणं हा फार अप्रिय प्रकार आहे. मग साखळी सोडत राहा, भुजा ताठ होईपर्यंत, आणि त्यानंतर आणखी दोन-तीन मीटर. ही जास्तीची साखळी हुक आणि रोलरच्या मध्ये झोळ होऊन लोंबते. तिचं वजन हुकाला खाली धरतं आणि छोटे हिसके गिळतं. पण झोळ तळाला टेकण्याइतका मोठा करू नका.

नांगर खरा बसवायचा तो यानंतर. दोन्ही इंजिनं रिव्हर्समध्ये, हळूहळू वाढवत, आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवायचं. ओढ आता ब्रायडलवर आहे, विंडलासवर नाही. बाजूला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. त्या सरकल्या तर नांगर घसरतो आहे. ताठ भुजेला हात लावा: थरथर जाणवली तर घसरतो आहे, ताठ आणि गप्प असेल तर बसला. दोन इंजिनांमुळे तोंड सरळ धरणं सोपं जातं, ही कॅटॅमरानवाल्यांची आणखी एक चैन.

मग विंडलासचा भार काढा. ब्रायडल तुटला तर ओढ थेट त्याच्या खाचेच्या चाकावर येते, आणि विंडलास साखळी उचलायला केलेला आहे, बोट धरायला नाही. रोलरच्या मागे साखळीचा स्टॉपर लावा, किंवा स्टॉपर नसेल तर एक आखूड जाड दोर साखळीला अडकवून मधल्या पक्क्या जागेवर बांधा. हा दुसरा आधार सैल असावा. तो ताठ असेल तर ब्रायडल कामच करत नाही, आणि हे मी भाड्याच्या बोटींवर वारंवार पाहिलं आहे: ब्रायडल सुंदर बांधलेला आणि साखळी विंडलासवर त्याच्याहून ताठ.

दोन्ही भुजा नेहमी सारख्याच असाव्यात असंही नाही. वारा एकीकडून आणि लाट बाजूने येत असेल तर लाटेच्या विरुद्ध बाजूची भुजा दीड-दोन मीटर आखूड करा. बोट लाटेकडे थोडी वळते आणि रात्रीची झोप लागते. भार जवळजवळ सगळा आखूड भुजेवर येतो, म्हणून हे मध्यम वाऱ्यापर्यंतच. वाऱ्याविरुद्ध प्रवाह असेल तर बोट नांगराच्या पुढे सरकते आणि ब्रायडल हलच्या खाली जातो. तेव्हा डॅगरबोर्ड (हलखाली उतरवायची फळी) असल्यास वर घ्या, सुकाणू मध्ये बांधा, आणि झोळ कमी करा म्हणजे साखळी हलला गुंडाळत नाही.

खराब हवामानाचा अंदाज असेल तर क्लीटवर पाच-सहा मीटर जास्तीचा दोर ठेवून ब्रायडल लांबवा. भुजा कापताना सोळा मीटरच्या कापल्यात तर दहा मीटरवर रोज आणि पंधरावर वादळात, असं एकाच दोरात जमतं. पंधरावर मात्र प्रोपेलरचा धोका खरा आहे; मोकळी भुजा दिसली की आधी ती आत ओढायची, मग इंजिन. दर दोन-तीन तासांनी दोर क्लीटवर वीतभर पुढे सोडा, म्हणजे एकच जागा सतत घासत नाही. त्यासाठी भुजेवरचा ताण उतरवावा लागतो. इंजिनं हळू पुढे चालवून तो उतरवा, नुसत्या हाताने झोळ सोडायला जाऊ नका. क्लीटवरून सुटणारा नायलॉन बोटांसाठी थांबत नाही. दुसरा, थोडा लांब आणि सैल ब्रायडल साखळीच्या पुढच्या दुव्याला आधीच लावून ठेवला तर पहिला तुटला तरी तुम्ही अंथरुणातून उठेपर्यंत बोट धरलेली असते.

नांगर उचलताना बोट साखळीकडे इंजिनाने न्या. विंडलासने ओढू नका. हुक रोलरपाशी आला की थांबा, साखळी स्टॉपरवर घ्या, मगच सॉफ्ट शॅकल सोडा. भुजा लगेच डेकवर आणून ट्रॅम्पोलिनवर नव्हे, क्लीटपाशी वेटोळं करून ठेवा. ट्रॅम्पोलिनच्या जाळीतून दोराचं टोक खाली पडायला वेळ लागत नाही.

तुमचा जुना २० मिलिमीटरचा दोर फेकू नका. केसाळ झालेला भाग कापा, उरलेल्या दोन तुकड्यांना फास घाला. धक्क्याला बोट बांधायला तो उत्तम आहे.